दहा रुपये फी ते अकॅडमी : आपल्या उपनगराच्या क्रिकेटचा जमाखर्च

रौप्यमहोत्सवी अंकासाठी "काका, तुम्ही काहीतरी लिहाच" असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. सोसायटीच्या स्थापनेचा इतिहास लिहायला आपले माजी सचिव समर्थ आहेत. पाण्याची टाकी, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स यांची हकीकत खजिनदारांइतकी कोणालाच ठाऊक नाही. म्हणून मी वेगळा विषय घेतला. आपल्या इमारतीतून पहाटे निघणाऱ्या मुलांना "कुठे रे?" असं विचारलं की हल्ली एकच उत्तर येतं, "अकॅडमीला!" हा शब्द आपल्या घरात कधी शिरला, त्याच्या आधी काय होतं, आणि आपल्या बोरिवली-कांदिवलीतून, पलीकडे चेंबूर-भांडुपातून मोठे खेळाडू कसे घडले, याचा हा थोडक्यात इतिहास. सारी उमर बँकेत गेल्यामुळे मला कुठलीही गोष्ट जमाखर्चाच्या अंगाने वाचायची खोड आहे. तेव्हा वाचकांनी आकडे सोसून घ्यावेत.

मैदानं तिकडे, माणसं इकडे

मुंबईचं क्रिकेट मुळात दक्षिणेचं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि मरीन लाइन्सचे जिमखाने. एकट्या आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या. एका सामन्याचा डीप फाइन लेग तो शेजारच्या सामन्याच्या मिडऑनच्या पाठीला पाठ लावून उभा! शाळांच्या हॅरिस आणि गाइल्स शिल्डच्या स्पर्धा शंभराहून अधिक वर्षांच्या जुन्या. एक सोळा वर्षांखालच्यांची, दुसरी चौदा वर्षांखालच्यांची. १९४८ साली डॉ. कांगा यांच्या नावाने भर पावसाळ्यात खेळायची लीग सुरू झाली. ओल्या, उघड्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळेल आणि कधी बसेल याचा नेम नाही. त्या चिखलात ज्याचं तंत्र टिकलं तो पुढे कुठेही टिकला.

तेव्हा शिकवणी वेगळी नव्हती. पोरगा शाळेच्या संघात शिरायचा, तिथून एखाद्या क्लबच्या नेटमध्ये. क्लबातले ज्येष्ठ खेळाडू ऑफिस सुटल्यावर येऊन चार गोष्टी सांगायचे. फी अशी नाहीच. मोबदला म्हणजे जाळी बांधायची, मॅटिंग अंथरायचं, पाण्याची बादली भरायची.

या साऱ्याला आधार होता नोकरीचा, आणि हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. बँका, गिरण्या, टाटा, निर्लॉन यांसारख्या कंपन्या क्रिकेटपटूंना नोकरी देत. टाइम्स शिल्डमध्ये ऑफिसांचे संघ असे लढत की रणजीचा सामना फिका पडावा. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्या घरी हरवणारा आपला कर्णधार अजित वाडेकर स्टेट बँकेचा अधिकारी होता. महिन्याच्या पगाराची चिंता नसलेला असा माणूस संध्याकाळी पोरांना फुकट शिकवू शकत होता. मुंबई क्रिकेटची खरी सबसिडी ती होती, फक्त ती कुठल्या ताळेबंदात दिसत नव्हती.

दहा रुपये महिना

स्टेट बँकेतच आणखी एक माणूस होता, रमाकांत आचरेकर. स्वतः एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, तोही बँकेच्याच संघातून. शिवाजी पार्कवर त्यांचा कामत मेमोरियल क्लब. १९८४ च्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला तिथे घेऊन गेला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातली एक नोंद महत्त्वाची वाटते. सचिनने आत्मचरित्रात लिहिलंय की शिबिराची प्रवेश फी ६५ रुपये आणि महिन्याची फी १० रुपये होती, आणि पहिल्या काही महिन्यांनंतर ती भरल्याचं त्याला आठवत नाही!

सरांची पद्धत साधी होती. नेटपेक्षा सामने जास्त. साठ दिवसांच्या सुट्टीत सचिन पंचावन्न सराव सामने खेळला. एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सर त्याला स्कूटरवर घेऊन जात. दिवस मावळता मधल्या यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. १९८८ च्या फेब्रुवारीत शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात ६६४ धावांची अभंग भागी केली आणि देशभर "हे सर कोण?" अशी चौकशी सुरू झाली. १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी सर गेले तेव्हा सचिनने त्यांच्या पार्थिवाला खांदा दिला.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. सचिनला वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शाळेत जावं लागलं. म्हणजे शिकायचं तर दादर गाठायचं. वांद्र्याहून हे जमण्यासारखं होतं. बोरिवलीच्या पोराने काय करायचं?

लोकलचं क्रिकेट

चर्चगेटपासून बोरिवली सुमारे ३४ किलोमीटर. गिरगाव, परळ, लालबागच्या दीड खोलीतून माणसं इकडे सरकली ती सत्तर-ऐंशीच्या दशकांत. जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप-गोराईला म्हाडाने भूखंड आखून दिले आणि छोट्या छोट्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. पूर्वेला मुलुंड-भांडुप, घाटकोपर, सगळीकडे तेच. आपण ब्लॉकमध्ये आलो, संडास घरात आला, नळाला पाणी आलं, पण मैदानं तिकडेच राहिली. इकडे मोकळी जागा भरपूर होती, खेळपट्टी नव्हती. पोरं खाडीकडच्या पटांगणात टेनिस बॉलने खेळायची आणि ज्याला सीझन बॉलने खेळायचंय त्याने पहाटेची लोकल धरायची.

१९८३ चा विश्वचषक आला आणि घरोघरी टीव्ही आला. कपिलने चषक उंचावला आणि पोरांपेक्षा बापच जास्त पेटले. सकाळच्या ५.१० च्या लोकलमध्ये किट बॅग मांडीवर घेऊन डुलक्या काढणारी मुलं मी ऑफिसला लवकर जायचो त्या दिवसांत पाहिली आहेत. गर्दीच्या वेळी किट बॅग घेऊन डब्यात शिरणं म्हणजे काय, हे फास्ट लोकलच्या प्रवाशांना वेगळं सांगायला नको. हीच तऱ्हा पुढेही राहिली. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे, विरारचा पृथ्वी शॉ, पालघरचा शार्दूल ठाकूर, ही सगळी मुलं आधी रेल्वेची प्रवासी आणि मग क्रिकेटपटू.

अकॅडमी हा शब्द आला

१९९५ साली दिलीप वेंगसरकरांनी ओव्हल मैदानावर एल्फ अकॅडमी सुरू केली. नाव अकॅडमी, पण शिक्षण मोफत. पुढे माहुलला, म्हणजे आपल्या पूर्व उपनगरांच्या हाकेच्या अंतरावर, त्यांनी दुसरं केंद्र उभं केलं. चेंबूरच्या अणुशक्तीनगरात वाढलेला सूर्यकुमार यादव आधी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीतल्या शिबिरात गेला आणि तिथून वेंगसरकरांकडे. वडील केंद्रात नोकरीला. आपल्यासारखंच मध्यमवर्गीय घर.

याच सुमारास दुसऱ्या बाजूला एक खातं बंद होत होतं. बँकांत संगणक आले, भरती थांबली. २००१ च्या आसपास स्वेच्छानिवृत्तीची लाट आली आणि आमच्यातली किती तरी माणसं पन्नाशीतच घरी बसली. खेळाडूंची भरती तर आणखी आक्रसली. ज्याला पूर्वी ऑफिसने पोसलं असतं तो पंचविशी-तिशीतला क्लब क्रिकेटपटू आता पोटासाठी काय करणार? त्याने जाळी विकत घेतली, शाळेचं पटांगण तासांवर मिळवलं आणि शिकवणी सुरू केली. अकॅडम्या वाढल्या त्याला टीव्ही आणि आयपीएल कारण आहेतच, पण हेही एक कारण आहे आणि ते सहसा कोणी लिहीत नाही. फुकट शिकवणाऱ्या माणसाचा पगार बंद झाला, म्हणून शिकवणीला फी आली. त्यात शिकवणाऱ्याचा दोष नाही.

बोरिवलीचे दिवस

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. १९९९ साल. आपल्या सोसायटीची नोंदणी व्हायला अजून एक वर्ष होतं. बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे राहणारा बारा वर्षांचा एक मुलगा काकांनी जमवलेल्या पैशांतून उन्हाळी शिबिराला गेला. आई-वडील डोंबिवलीला एका खोलीत. मुलगा शनिवार-रविवारी त्यांच्याकडे जायचा. शिबिराच्या संघाचा सामना स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलशी झाला. त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांना त्या मुलाची ऑफस्पिन आवडली. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, याला आमच्या शाळेत घाला. काकांनी फी विचारली. महिन्याला २७५ रुपये. ते म्हणाले, आम्हाला झेपणार नाही.

इथे ही गोष्ट संपली असती. त्या वर्षी मुंबईत अशा किती गोष्टी संपल्या असतील याची नोंद कुठल्याच वहीत नाही. पण लाड सर शाळेच्या संचालकांकडे गेले आणि फी माफ करून आले. चार वर्षं त्या मुलाने एक पैसा भरला नाही. पुढे एके दिवशी शाळेच्या आवारात तो एकटाच बॅटने सराव करताना सरांना दिसला. सरळ बॅट, चेंडूसाठी भरपूर वेळ. आठव्या क्रमांकावर खेळणाऱ्या त्या ऑफस्पिनरला सरांनी सलामीला पाठवलं आणि शालेय स्पर्धेत त्याने शतक ठोकलं. मुलाचं नाव रोहित शर्मा.

काही वर्षांनी त्याच सरांना पालघरकडचा एक मुलगा प्रतिस्पर्धी संघात दिसला. रोजचा रेल्वेचा प्रवास करून शाळा आणि क्रिकेट दोन्ही होणार नव्हतं. तेव्हा सर त्याला स्वतःच्या घरी राहायला घेऊन आले. घर बोरिवलीतलं, म्हणजे किती मोठं असणार हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. घरात स्वतःचा मुलगा सिद्धेश होताच, जो पुढे मुंबईकडून रणजी खेळला. त्यात आणखी एक ताट वाढलं. या निर्णयात सरांच्या पत्नीचा वाटा सरांपेक्षा कमी नसणार, कारण डबा कोणी भरला असेल ते सांगायला नको. त्या शार्दूल ठाकूरने हॅरिस शिल्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबावर भारताने ऑस्ट्रेलियाला नमवलं त्या कसोटीत शार्दूलने पहिल्या डावात ६७ धावा केल्या, सामन्यात सात बळी घेतले आणि सलामीला होता रोहित. बोरिवलीच्या एका शाळेतले दोन विद्यार्थी एका भारतीय संघात! २०२२ साली लाड सरांना द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा पेढे आपल्या भागातही वाटले गेले.

२९ जून २०२४ ला रोहितने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. शेवटच्या षटकात सीमारेषेवर तो अशक्य झेल घेणारा सूर्यकुमार चेंबूरचा. मोक्याच्या २७ धावा करणारा शिवम दुबे अंधेरीचा. संघातला यशस्वी जयस्वाल भदोहीहून आलेला. आझाद मैदानावरच्या तंबूत झोपून दिवस काढले आणि ज्वाला सिंग या प्रशिक्षकाने त्याला सांताक्रूझच्या स्वतःच्या घरी नेलं. या चौघांचा विधान भवनात सत्कार झाला. चौघंही उपनगरांनी दिलेले, कोणी जन्माने, कोणी वस्तीने. मे २०२५ मध्ये वानखेडेवर एकाच दिवशी तीन स्टँडना नावं दिली गेली, त्यांतलं एक अजित वाडेकरांचं आणि एक रोहितचं. एक बँकेच्या क्रिकेटचा, दुसरा उपनगराच्या क्रिकेटचा. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं?

आजचा ताळेबंद

२००८ ला आयपीएल आली आणि अकॅडम्यांचं पीक आलं. कांदिवलीला आता सचिनच्याच नावाचा जिमखाना आहे. जवळपास प्रत्येक मोठ्या शाळेच्या पटांगणावर हिरव्या जाळ्या दिसतात. कृत्रिम टर्फ, चेंडू फेकणारं यंत्र, मोबाइलवर फटक्याचं चित्रण, आहाराचा सल्ला. सोयी खरोखर चांगल्या आहेत. आता बोरिवलीच्या मुलाला पहिल्या धड्यासाठी दादर गाठावं लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

मुलींसाठी तर हा बदल मोठाच. पूर्वी मुलांच्या नेटमध्ये एखादी मुलगी असली तर लोक थांबून बघायचे. २०१७ च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात भारताकडून सर्वाधिक ८६ धावा केल्या त्या आपल्या बोरिवलीच्या पूनम राऊतने. आपण नऊ धावांनी हरलो, पण त्या रात्री कितीतरी घरांत मुलींनी बॅट मागितली. भांडुपला जन्मलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या आणि तीन दिवसांनी आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. तिचे पहिले गुरू तिचे वडीलच.

पण वहीला दुसरी बाजूही असते. आज महिन्याची फी, कपडे, बूट, सामन्यांचे वेगळे पैसे आणि पाच आकडी किमतीची इंग्लिश विलोची बॅट. हे सगळं धरलं तर दहा रुपये आणि दोनशे पंचाहत्तर रुपये ऐकून आजच्या पालकांना हसू येईल. एका जाळीत इतकी मुलं की पाळी येते दहा मिनिटांची. "सर, याचं सिलेक्शन कधी?" हे पालक पहिल्याच महिन्यात विचारतात.

अशा पालकांनी दोन डाव लक्षात ठेवावेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉने हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा केल्या. समोर संघ होता बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी'असिसी शाळेचा. त्या उन्हात दोन दिवस क्षेत्ररक्षण केलेली पोरं आपल्याच भागातली. त्यांची नावं कोणी विचारत नाही, पण क्रिकेट तीही शिकली होती आणि मैदान सोडून पळाली नाहीत. दुसरा डाव कल्याणचा. ५ जानेवारी २०१६ ला प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने नाबाद १००९ धावा करून १८९९ पासूनचा जागतिक विक्रम मोडला. त्याच्या दारात गर्दी उसळली, शिष्यवृत्ती मिळाली. पुढच्याच वर्षी खेळ मनासारखा होत नाही म्हणून ती शिष्यवृत्ती बंद करावी असं क्रिकेट असोसिएशनला कळवण्यात आलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या घरातून आलेलं ते पत्र मला हजार धावांपेक्षा मोठं वाटतं. अकॅडमीतल्या शंभरातला एखादाच पुढे खेळणार. उरलेल्या नव्याण्णवांना तिथे काय मिळालं, यावर अकॅडमीची किंमत ठरवायला हवी. पहाटे उठायची सवय, बाद दिल्यावर मान खाली घालून परतायची सवय, दुसऱ्याच्या शतकाला टाळ्या वाजवायची सवय, एवढं मिळालं तरी फी वसूल झाली म्हणायची.

एक ठराव

हा सगळा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आचरेकर सर फीचं विसरून जायचे. वेंगसरकरांनी फी ठेवलीच नाही. लाड सरांनी ती माफ करून घेतली. ज्वाला सिंगांनी घराचं दार उघडलं. प्रत्येक मोठ्या नावामागे पैशाचा एक अडथळा आहे आणि तो दूर करणारा एक माणूस आहे. जाळी, टर्फ आणि यंत्र नंतर येतात.

आपल्या सोसायटीत बेचाळीस फ्लॅट आहेत. आपली मुलं-नातवंडं अकॅडमीत जातात, आनंद आहे. पण आपल्याच आवारात सुरक्षारक्षकाचा, इस्त्रीवाल्याचा, घरकाम करणाऱ्या ताईंचा मुलगा किंवा मुलगी वाढते आहे, आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये आपल्याच मुलांबरोबर प्लास्टिकच्या चेंडूने खेळते आहे. गाड्यांच्या काचांवरून सर्वसाधारण सभेत जे वाद होतात त्यांत मला पडायचं नाही. संध्याकाळी पाच ते सात मागचं आवार मुलांना मोकळं ठेवावं आणि गाड्या पुढे लावाव्यात, एवढी साधी सोय झाली तरी निम्मी भांडणं मिटतील.

दुसरी सूचना मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडणार आहे. महोत्सवाचा खर्च भागून जी रक्कम शिल्लक राहील ती मुदत ठेवीत ठेवावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी अशा एका मुलाची किंवा मुलीची क्रिकेटची फी सोसायटीने भरावी. व्याजाचं गणित मी करून ठेवलंय. एका मुलाचं आरामात भागतं. निवड कोणी करायची, कोणत्या अकॅडमीत घालायचं, हे समितीने ठरवावं. सिलेक्शन झालं का, असं त्या मुलाला कोणीही विचारू नये, एवढी एकच अट ठरावात घालावी.

ठेवीचं व्याज हातात यायला वर्ष जाईल. तोवर थांबायला नको. पहिल्या वर्षाची फी माझ्याकडे लागली. खजिनदारांनी पावती सोसायटीच्या नावाने फाडावी.